दुसरा जन्म कुणाच्या हातचा?

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!

मंडळी, आजचा विषय ऐकून काही जण कपाळाला आठ्या घालतील. बुवा नारदाच्या गादीवर उभे राहिले आणि बाप्तिस्म्यावर बोलायला लागले! पण याच गादीवर रेव्हरंड टिळकही उभे राहिलेत बरं का. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण कीर्तन सोडलं नाही. तेव्हा हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा नाही.

आता कारण सांगतो. गेल्या दत्तजयंतीला वसईकडे माझं कीर्तन होतं. मांडवात अगदी मागं एक कॅथलिक गृहस्थ बसले होते. साठीचे, केळीची वाडी असलेले. तिकडची ही माणसं पोर्तुगीज अमदानीपासून ख्रिस्ती, पण बोली आपलीच, शेती आपल्यासारखीच. त्या दिवशी निरूपणात मी ‘द्विज’ शब्द फोडून सांगितला होता. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. आरती झाली, लोक पांगले, आणि हे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, “बुवा, त्या दुसऱ्या जन्मावरूनच माझं घर फुटलंय.”

मुलगी पुण्याला नर्स आहे. तिथं एका प्रार्थनामंडळात जाऊ लागली. वर्षभरापूर्वी तिनं पुन्हा बाप्तिस्मा घेतला, हौदात पूर्ण बुडून. बाप म्हणाला, “महिन्याची होती तेव्हा मी तिला हातावर घेऊन देवळात गेलो. डोक्यावर पाणी पडलं तशी टाहो फोडला तिनं. आता म्हणते, पप्पा, ते नुसतं भिजणं होतं. बुवा, मग मी तिला दिलं काय?”

मी भिक्षुकाचा मुलगा, याला काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी ते मला त्यांच्या फादरांकडे घेऊन गेले. चांगला विद्वान मनुष्य. दोन तास बसलो. घरी आल्यावर जे मिळेल ते वाचलं. ते आज तुमच्यापुढं मांडतो.

मूळ कथा योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा पंडित रात्री येशूकडे येतो. रात्री का? दिवसा आला तर लोक बघतील ना! शास्त्री माणसाला दुसऱ्याकडे शिकायला जायचं म्हणजे अंधारच लागतो. येशू त्याला सांगतो की नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसायचं नाही. पंडित गडबडतो, म्हातारा माणूस आईच्या पोटात परत जाणार कसा? तेव्हा येशू पाणी आणि आत्मा या दोहोंपासून होणारा जन्म सांगतो. गंमत अशी की मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन आहेत, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. एकाच वचनावर दोन संप्रदाय उभे राहिले.

कॅथलिक म्हणतात, पाणी म्हणजे स्नानसंस्काराचं पाणी. मराठीत ते शब्दच हा वापरतात, स्नानसंस्कार. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं पाणी पडलं की आदिपाप धुतलं जातं, जीव देवाचं लेकरू होतो, आणि आत्म्यावर अशी मुद्रा उमटते की ती कशानंही पुसत नाही. म्हणून हा संस्कार जन्मात एकदाच. दुसऱ्या पंथानं त्याच नावांनी, पाण्यानं दिलेला असला तरी ते परत देत नाहीत. देणारा फादर स्वतः पापी असला तरी अडत नाही, कारण करणारा ख्रिस्त. आणि ऐका, मूल मरायला टेकलं असेल तर कुणीही तो देऊ शकतो, सुईणसुद्धा, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, फक्त चर्चचा जो हेतू तोच हेतू मनात हवा. मी फादरांना विचारलं, “म्हणजे मीसुद्धा?” ते हसून म्हणाले, “वेळ आली तर, हो.” मला रात्रभर झोप नाही. एवढी उदार दारं ठेवणारा माणूस ‘तेच खरं’ म्हणतो तेव्हा त्याला हटवादी कसं म्हणावं?

इव्हँजेलिकल म्हणतात, नाही. तो जन्म पाण्यात नाही, विश्वासात आहे. माणसानं आपलं पाप ओळखलं, ख्रिस्ताला शरण गेला, त्या क्षणी आत्मा त्याला जन्म देतो. बाप्तिस्मा ही त्या जन्माची चारचौघांत दिलेली साक्ष. ते क्रूसावरच्या चोराचं उदाहरण देतात. त्याला कुठलं पाणी मिळालं? कर्नेल्यच्या घरी तर आत्मा आधी उतरला, पाणी मागून आलं. त्यांच्यातही सगळे एका मताचे नाहीत, काही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. पण बॅप्टिस्ट वगैरे मंडळी म्हणतात, ज्याला कळत नाही त्यानं साक्ष कसली द्यायची? म्हणून त्या मुलीच्या हिशेबी तिनं दुसऱ्यांदा नाही, पहिल्यांदाच घेतला.

या भांडणात जीव गेलेत, मंडळी. झुरिकमध्ये १५२५ साली काहींनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. १५२७च्या जानेवारीत त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला लिम्मत नदीत बुडवून मारलं. मारणारे पोपचे नव्हते, सुधारणावाल्यांचंच सरकार होतं. पाणी फार मागतोस ना, घे पाणी!

(येथे भजन झाले.)

आता उत्तररंग. इंग्लंडात डेव्हन प्रांतात गॉरहॅम नावाचा धर्मगुरू होता. पाण्यानंच पुनर्जन्म होतो हे मानायला तो तयार नव्हता. एक्झेटरच्या बिशपनी त्याला गावाचं चर्च देण्यास नकार दिला. कज्जा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५० साली निकाल गॉरहॅमच्या बाजूनं लागला. देवाघरचा जन्म कोर्टात ठरला! ते बघून मॅनिंगसारखा मोठा माणूस पुढच्याच वर्षी रोमन कॅथलिक झाला.

त्याच बिशपच्या हाताखाली कॉर्नवॉलमध्ये बाल्डू गावी विल्यम हॅस्लम हा धर्मगुरू होता. संस्कारांवर पूर्ण निष्ठा, विधीत कुठं कसूर नाही. त्याचा माळी आजारी पडला आणि मरणाच्या दारात त्याला शरणागतीचा अनुभव आला. हॅस्लमला आनंद व्हावा की नाही? वाईट वाटलं! माझ्या हातचा चांगला माणूस बिघडला म्हणून. पुढं एका वडीलधाऱ्या धर्मगुरूनं त्याला तोंडावर सांगितलं, तुझंच अजून परिवर्तन झालेलं नाही, तू दुसऱ्यांचं काय करणार? १८५१ सालचा रविवार. प्रवचन करायचं त्राण नव्हतं, प्रार्थना वाचून लोकांना घरी धाडायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण त्या दिवशीचा पाठ होता परुश्यांना येशूनं विचारलेल्या प्रश्नाचा, ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटतं? दोन शब्द बोलावे म्हणून उभा राहिला आणि बोलता बोलता त्याला दिसलं की तो परुशी मीच आहे. आवाज बदलला, चेहरा बदलला. बाकावरून एक जण उठून ओरडला, आपल्या पाद्रीचं परिवर्तन झालं! स्वतःच्याच प्रवचनानं पाद्री तरला.

ही कथा आपल्याकडं आली ती पंडिता रमाबाईंमुळं. अनंतशास्त्री डोंग्यांची मुलगी, पुराण सांगत गावोगाव हिंडलेलं घर, म्हणजे आमच्याच धंद्यातलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि त्या स्वतः लिहून ठेवतात की आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हॅस्लमचं पुस्तक वाचून त्या विचारात पडल्या की आपण उभ्या कुठं आहोत. केवढं धाडस! सगळा महाराष्ट्र ज्या पाण्यासाठी त्यांना शिव्या देत होता, त्या पाण्यानंतरही मी कोरडीच होते असं म्हणायचं!

माझी मुंज आठव्या वर्षी झाली. गायत्री पाठ, संध्या पाठ. चाळीस वर्षं गादीवर उभा आहे. पण त्या रविवारचा हॅस्लम मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या कीर्तनात आजवर कुणी उठून “बुवांचं काहीतरी झालं” असं म्हटलेलं नाही. हसू नका, खरं सांगतोय.

आता तो बाप. मी त्यांना फोन केला. म्हटलं, आपल्या जन्माचा दिवस आपल्याला आठवतो का? आई सांगते म्हणून कळतो. तुमचं चर्च म्हणतं ते हेच. मुद्रा पुसत नाही, तुमच्या लेकीनं म्हटलं तरी नाही. मग तुमचं दिलेलं गेलं कुठं? पण जिवंत मूल भुकेनं रडतं. तुमची लेक रडली, देवासाठी रडली, आणि ही भूक महत्त्वाची नाही असं फादरसुद्धा म्हणाले नाहीत. तुम्हीच ना ईस्टरच्या रात्री मेणबत्ती धरून बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणता? ती कशासाठी?

पलीकडं बराच वेळ शांत. मग म्हणाले, “बुवा, तिनं मला एकदा विचारलं होतं, पप्पा, तुमचं काय? मी तिला थोबाडीत मारली होती.”

मला पुढं बोलवेना. जरा वेळानं त्यांनीच विचारलं, पुण्याची सकाळची गाडी किती वाजता असते?

गेले की नाही, मला ठाऊक नाही. यंदाच्या दत्तजयंतीला त्याच गावचं आमंत्रण आहे. मांडवात मागं बघेन.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!