अंगावरची खूण आणि आपला निर्णय

(विहाराच्या वर्धापनदिनी किशोर-युवक मेळाव्यात झालेले भाषण)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, यंदा मला मुलांशी टॅटूवर बोलायचे आहे. दोघे-तिघे हसले. वर्धापनदिनाला हा काय विषय झाला? पण बांधवांनो, एप्रिल महिना उजाडला की वस्तीतल्या पोरांची आपसात हीच चर्चा असते. कोणाला मनगटावर "जय भीम" हवे असते, कोणाला दंडावर बाबासाहेबांची सही, कोणाला अशोकचक्र. मुलींना कानाला वरच्या बाजूला दुसरे-तिसरे छिद्र हवे असते, नाहीतर नाकात चमकी. मुलांमध्ये भिकबाळीची फॅशन परत आली आहे. पंधरा-सोळा वर्षांचे पोर घरी विचारते, "करू का?" आणि घरातून उत्तर येते, "तंगडं मोडीन." हे काही उत्तर नव्हे. मग पोर न विचारता करून येते. म्हणून हा विषय.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली. आयुष्यभर लोकांच्या दंडाला सुया टोचल्या, त्यामुळे कातडी आणि सुई या दोन गोष्टी मला थोड्याफार कळतात. मी "करा" म्हणायला आलेली नाही आणि "करू नका" म्हणायलाही आलेली नाही. निर्णय कसा करावा, एवढेच सांगणार आहे.

पहिली गोष्ट इतिहासाची. अंगावरची खूण ही आपल्या समाजाला नवीन नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये नोंदवून ठेवले आहे की पेशवाईत अस्पृश्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, चुकून कोणाला त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून. पुण्यात कमरेला झाडू बांधावा लागे. ब्रिटिश अमलातही बंगाल-मद्रासकडे जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत असत. १८४९ साली ती पद्धत कायद्याने बंद झाली. या सगळ्या खुणांमध्ये एक गोष्ट समान होती. अंग आपले, पण खूण दुसऱ्याने ठरवलेली.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा लुगडे कसे नेसावे आणि कोणते दागिने टाकून द्यावेत यावरही बोलले. गळ्यातल्या गाठल्या, हातभर गोठ-पाटल्या पाहून लोक जात ओळखतात, त्या खुणा टाका, असे त्यांचे सांगणे होते. एवढा मोठा विद्वान, सत्याग्रहाची एवढी धामधूम, आणि ते दागिन्यांवर बोलतात! कारण अंगावर काय असावे हे कोण ठरवतो, हा प्रश्न त्यांना लहान वाटला नाही. मग तो आपणही लहान समजू नये.

आज काळा दोरा कोणी बांधत नाही. आज तुमची खूण तुम्ही निवडणार. छान आहे! पण बाळांनो, ती निवड खरोखर तुमची आहे का, हे तपासा. चार मित्रांनी केले म्हणून, मोबाइलवर रील पाहिली म्हणून, "घाबरतोस का?" असे कोणी डिवचले म्हणून गोंदवले, तर खूण पुन्हा दुसऱ्यानेच ठरवली. फरक इतकाच की या वेळी पैसेही तुम्हीच दिले.

दुसरी गोष्ट आपल्या आज्यांची. इंजेक्शन देताना मी कितीतरी म्हाताऱ्यांचे हात पाहिले. हिरवट-निळे गोंदण, तुळशीवृंदावन, ठिपके, नवऱ्याचे नाव, एखाद्या देवाचे नाव. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे म्हणायच्या त्या. त्यांना कोणी विचारून गोंदले नव्हते. गोंदणारी बाई दारात आली, आईने मांडीवर धरून ठेवले, पोर रडले, झाले गोंदण. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. गावोगावी घरातले देव नदीत गेले, देव्हारे रिकामे झाले. पण हातावरचे गोंदण कुठे विसर्जन करणार? पंचशील म्हणताना जोडलेल्या हातांवर जुन्या देवाचे नाव तसेच राहिले.

त्या म्हाताऱ्यांचा काहीच दोष नव्हता. मला एवढेच म्हणायचे आहे की माणसाचे मन बदलते. कधी कधी ते चांगल्यासाठी, फार मोठ्या गोष्टीसाठी बदलते. अनित्यता आपण विहारात बसून शिकतो ती हीच. कातडीवरची शाई मात्र मनाबरोबर बदलत नाही. सोळाव्या वर्षी जे नाव जिवापाड प्रिय वाटते, ते पंचविसाव्या वर्षी आठवावेसेही वाटत नाही. हे मी मुद्दाम फोड करून सांगत नाही, मुले हसायला लागली म्हणजे समजली.

आता तिसरी गोष्ट, माझ्या कामाची. शाई का जात नाही? आपली वरची कातडी रोज झडते आणि नवी येते. तिच्यावर रंग लावला तर मेंदीसारखा उतरून जातो. टॅटूची सुई त्याच्या खालच्या थरात जाते. शरीराला तो रंग परका वाटतो, रक्षण करणाऱ्या पेशी ते कण गिळतात. पण त्यांना ते पचत नाहीत, म्हणून धरून ठेवतात. काही वर्षांनी रेघा पसरट होतात, रंग फिका पडतो, पण जात नाही. "लेसरने काढता येतो की," असे पोरं सांगतात. येतो, पण एका बैठकीत नाही. मध्ये काही आठवडे सोडून पुन्हा पुन्हा जावे लागते. काळा रंग बऱ्यापैकी निघतो. हिरवा, पिवळा चिवट असतो. गोंदवायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे लागतात, आणि तरी पुसट डाग राहू शकतो.

सुईचा धोका वेगळाच. एकाच्या रक्ताची सुई दुसऱ्याला लागली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, सात दिवस टिकून राहू शकतो. जत्रेत, जयंतीच्या गर्दीत रस्त्याकडेला बसून एकच सुई आणि एकच शाईची वाटी घेऊन जो दहा जणांना गोंदतो, त्याच्याकडे हात करू नका. मग ते चित्र कोणाचेही असो! चांगला कारागीर तुमच्यासमोर बंद पाकिटातून नवी सुई काढतो, हातमोजे घालतो, शाई छोट्या टोपणात वेगळी ओततो आणि उरलेली फेकून देतो. हे सगळे दिसले नाही तर उठून यावे. त्याआधी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले, हे घरी विचारावे. घरात कोणाला जखमेच्या जागी जाड, वाढत जाणारा वण येत असेल, ज्याला डॉक्टर कीलॉइड म्हणतात, तर फार जपून. सावळ्या कातडीत तो जास्त होतो. खांदा, छाती आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा.

कान टोचण्याबद्दल मुलींनो, एवढे लक्षात ठेवा. खालची मऊ पाळी दीड-दोन महिन्यांत बरी होते. वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे कडक हाडासारखा. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून यायला सहा महिने ते वर्षही लागते. तिथे पू झाला आणि दुर्लक्ष केले तर कूर्चा गळून कानाचा आकारच बिघडतो. तो भाग बंदुकीने टोचून घेऊ नये, निर्जंतुक पोकळ सुईने, जाणत्या माणसाकडूनच टोचावा. कान लाल होऊन ठणकू लागला, ताप आला, तर हळद लावून घरी बसू नका, दवाखान्यात या.

चौथी गोष्ट नोकरीची. आपल्या वस्तीतली पोरे पहाटे उठून भरतीसाठी धावतात. सैन्यभरतीत कायमचे गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते. इतर ठिकाणी चालत नाही. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत आतली बाजू चालते ती फक्त डाव्या हाताची, कारण उजवा हात सलामीचा. आकारावरही मर्यादा आहे. जाहिरात दरवर्षी नीट वाचावी. पाच किलोमीटर धावण्याचा सराव केला आणि मानेवरच्या टॅटूमुळे घरी आला, असे होऊ नये.

आणि हो, रक्तदान. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला ठिकठिकाणी शिबिरे होतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांप्रमाणे गोंदवल्यानंतर किंवा टोचून घेतल्यानंतर बारा महिने रक्त देता येत नाही. बाबासाहेबांचे नाव हातावर लिहिले आणि त्यांच्या जयंतीला रक्त देता आले नाही, याचाही हिशेब करावा.

पाचवी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोललेच पाहिजे. जी खूण तुम्ही अभिमानाने घ्याल, ती दुसराही वाचणार आहे. भाड्याने खोली मागताना, मुलाखतीत, परगावी बसमध्ये. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून वाद झाला आणि एका विद्यार्थ्याचा खून झाला. रिंगटोन तरी बदलता येते. मी तुम्हाला लपून राहा म्हणत नाही. लपायचे दिवस आपल्या पूर्वजांनी संपवले. पण "जय भीम" हातावर लिहिताना तो हात रोज वर धरण्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. तयारी असेल तर तुमच्या निर्णयाला माझा मुजरा! नुसती हौस असेल तर शर्टावर बॅज लावा, तोही निळाच असतो.

बुद्धरूपाचेही तसेच. थायलंडमध्ये भिक्खूंच्या हातून अंगावर साक यांत गोंदवून घेण्याची जुनी प्रथा आहे. तेच श्रीलंकेत २०१४ साली, दंडावर बुद्धमूर्ती गोंदलेल्या एका ब्रिटिश महिलेला विमानतळावर ताब्यात घेऊन देशाबाहेर पाठवले. २०१७ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई चुकीची ठरवून तिला भरपाई दिली. म्हणजे एकच चित्र, एका देशात पूजनीय, दुसऱ्या देशात अपमान. आणि बुद्धरूप दंडावर घेऊन तोच दंड दारूच्या गुत्त्यात टेकवणार असाल, तर न्यायालयाची गरज नाही, लोकच काय ते बोलतील.

मग ठरवायचे कसे? भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, लहान वयात एक उपदेश केला. मज्झिमनिकायात तो आहे, आणि सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे धम्मग्रंथ वाचायला सांगितले त्यात राहुलाला केलेल्या उपदेशाचे नाव आहे. बुद्ध त्याला आरशाचे उदाहरण देतात. आरसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म तपासून पाहावे. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे, करून झाल्यावर पाहावे. याने मला किंवा दुसऱ्याला अपाय होतो का? बहुतेक कामांत मध्येच थांबता येते, नंतर सुधारता येते. गोंदणात मधली आणि शेवटची वेळ जवळजवळ हातची जाते. म्हणून पहिल्या वेळीच तिप्पट पाहावे लागते.

माझी एक साधी सूचना आहे. जे गोंदवायचे ते कागदावर काढा आणि आरशाशेजारी चिकटवा. रोज केस विंचरताना पाहा. वर्षभर ठेवा. चार महिन्यांत कंटाळा आला तर कागद फाडा, कातडी वाचली. वर्षानंतरही तेच हवेसे वाटले तर निवड तुमची आहे असे समजा. अठरा वर्षे पूर्ण होऊ द्या, स्वतःच्या कमाईचे पैसे येऊ द्या. तोवर हौस भागवायला साधी लाल मेंदी आहे. बाजारातली काळी मेंदी मात्र नको. तिच्यात केस रंगवायचे रसायन असते आणि त्याने फोड येतात.

आईवडिलांनाही दोन शब्द. पोराने विचारले तर आधी ऐकून घ्या. "कशासाठी?" असे शांतपणे विचारा. विचारणारे पोर हे निम्मे शहाणे झालेले असते, त्याला मारून परत वेडे करू नका. आणि तान्ह्या मुलीचे कान बाराव्या दिवशी टोचताना आपण तिला विचारले नव्हते, हेही आठवा.

ज्यांनी आधीच गोंदवून घेतले आहे त्यांनी मान खाली घालू नये. तुमच्या हातावर जे लिहिले आहे, त्याला शोभेल असे वागा. अभ्यास करा, संध्याकाळच्या वंदनेला या. हातावरचे अक्षर फिके पडेल, वागणुकीने उमटवलेले पडणार नाही.

काळा दोरा आपल्या पूर्वजांना न विचारता बांधला गेला. तुम्हाला विचारणारे आज कोणीतरी आहे, आणि ते म्हणजे तुम्ही स्वतः. त्या विचारण्याला घाईने उत्तर देऊ नका, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवते.

जय भीम! नमो बुद्धाय!