अर्धा तुकडा सलाईनमध्ये



नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या आमच्या इचोड्यात आज डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई जमले आहेत. पैनगंगा ओलांडून यवतमाळहून आलेल्या, तसंच किनवटहून आलेल्या पाहुण्यांना इथं परकं वाटणार नाही. मराठी, गोंडी, तेलुगू, लमाणी सगळं इथल्या बाजारात ऐकू येतं. ओटीपोटातलं दुखणं मात्र बाया कुठल्याच भाषेत बोलत नाहीत.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, पण आधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. हे आकडे आजही मला स्वस्थ बसू देत नाहीत.

आजचा विषय त्याच्याही पुढचा आहे: नेहमीच्या औषधांना दाद न देणारे, सहज न सापडणारे जंतू. जननमार्गाचा क्षय बहुतेक वेळा गर्भनलिकांत असतो. खोकला नाही, ताप नाही. पाळी कमी होते, मूल राहत नाही आणि बाई वर्षानुवर्षं ‘वांझ’ हा शब्द सोसते. अ‍ॅक्टिनोमायकोसिस त्याहून दुर्मिळ. अनेक वर्षं न बदललेल्या तांबीभोवती तो वाढतो, गाठ कर्करोगासारखी दिसते आणि पुष्कळदा गर्भपिशवी काढल्यावरच खरं निदान होतं. वेळेवर ओळखला, तर पेनिसिलिनच्या दीर्घ उपचारानं तो बरा होतो.

निदान हुकतं ते अनेकदा बाटलीपाशी. पिशवीच्या अस्तराचा सगळाच तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की जंतू मरतो, मग कल्चरमध्ये काय उगवणार? अर्धा तुकडा सलाईनमध्ये हवा, क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठीही. अ‍ॅक्टिनोमायकोसिसची शंका असेल तर प्रयोगशाळेला तसं आधी कळवावं लागतं. त्याचा जंतू प्राणवायूविना आणि सावकाश वाढतो. शिवाय क्षयाचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून शंका सोडू नये. या नमुन्यांत जंतू फार थोडे असतात.

क्षयाची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. रिम्स हे सरकारी रुग्णालय आदिलाबादला आहे. अडतं ते मधल्या वाटेवर. म्हणून तज्ज्ञांना माझी आग्रहाची विनंती आहे: जाण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी एक पानभर सूचना मराठीत आणि तेलुगूत लिहून द्या. कोणाला कोणते प्रश्न विचारायचे, नमुना कशात ठेवायचा, कुठं पाठवायचा. छापून वाटण्याची जबाबदारी आमची स्वागत समिती घेते.