झुलत्या बोजाचे गणित



संगणकावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे आपणांस वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे गणित आम्ही कचेरीत रात्री बसून शिकलो, त्याला कारण घडले. एका कारखान्यात क्रेनचा बोजा झुलला आणि हेल्परचा हात चिरडला. चौकशीत ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहिले गेले. बोजा का झुलला, हे कोणी विचारले नाही.

ट्रॉली थांबते, पण बोजा थांबत नाही. त्याचा लंबक होतो. दोर ९ मीटर असेल, तर एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे ६ सेकंद लागतात. मग बोजा १ टनाचा असो वा ५ टनांचा.

अशी क्रेन आता पडद्यावर उभी करता येते. लाग्रांज याने १७८८ साली यंत्रशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्याची रीत अशी की, गतीची ऊर्जा वजा स्थितीची ऊर्जा, एवढे एक सूत्र मांडावे. गतीची समीकरणे त्यातूनच निघतात. मात्र ती काढताना वह्या भरतात. ते काम लिस्प भाषा करते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली तिचा पाया घातला. तिच्यात आज्ञा आणि सूत्र, दोन्ही कंसांत मांडलेल्या याद्याच. म्हणून संगणक सूत्र अक्षरांतच हाताळतो आणि विद्यार्थ्याने वहीत करावे तसे त्याचे विकलन करतो. सस्मन आणि विस्डम यांनी याच रीतीने यंत्रशास्त्र शिकवणारे पुस्तक २००१ साली काढले.

समीकरण एकदाच काढायचे. मग त्यात आकडे घालून बोजाची जागा सेकंदाला ६० वेळा काढायची. प्रत्येक हिशेब १६ मिलिसेकंदांत उरकला, तर पडद्यावरचा सेकंद आणि आपला सेकंद एक होतो. नवा चालक तेथे शंभरदा चुकला, तरी कोणाचा हात जात नाही.

पण बंधूंनो, सूत्रात जे घातले नाही, ते पडद्यावर दिसत नाही. कारखान्यातला ब्रेक झिजलेला आणि सूत्रातला कोरा असेल, तर पडद्यावरची ट्रॉली शहाण्यासारखी थांबेल आणि दोष पुन्हा चालकाच्याच माथी येईल. म्हणून आमचे मागणे एवढेच: सूत्र उघडे ठेवा. झुलत्या बोजाचे सूत्र अर्ध्या पानात मावते. ते चालकापुढे ठेवून विचारा, ‘यात काय राहिले?’

नागापूरच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले बंधू येथे बसले आहेत. करार वाचल्याशिवाय सही करू नका, असे आम्ही त्यांना नेहमी सांगतो. आजपासून सूत्रही वाचा, एवढे त्यात जोडतो आणि आपली रजा घेतो.