पाय पाहिले का, माउली?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कीर्तनाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कीर्तन उभं राहायच्या आधी आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत. त्यात परमार्थ सांगायचा आमचा अधिकार नाही. आम्ही पाच जण घोडबंदर रोडला राहतो, दिवसभर संगणकासमोर बसतो आणि आषाढीला आपल्या दिंडीत चालतो. दिंडीतल्या माणसांचं चालणं वर्षभर सुटू नये म्हणून आम्ही मोबाइलवर एक अ‍ॅप तयार केलं. त्यात आमच्याकडून मोठी चूक झाली. ती आपल्यापुढे सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगणं बरं नाही.

२०२० साल आठवा. माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. पुढच्या वर्षीही तेच. ज्यांनी तीस-तीस वर्षं वारी चुकू दिली नव्हती ती माणसं वाघबीळ, मानपाडा, कासारवडवलीला विसाव्या मजल्यावर खिडकीशी बसून राहिली. खाली उतरावं तर मेट्रोसाठी रस्ता खणलेला, धूळ, अवजड गाड्या. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणारे पाय घरातल्या घरात आखडले. कुणाचे गुडघे धरले, कुणाची साखर वाढली.

म्हणून अ‍ॅप केलं. फोन खिशात ठेवायचा, तो पावलं मोजतो. रोज रात्री नऊला साठ जणांची एकच यादी सगळ्यांच्या फोनवर जायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. दहा हजारांच्या खाली राहिला त्याचं नाव लाल.

यादी का? तर माणूस माणसाला बघून चालतो, हे आम्ही वाचलं होतं. २०१७ साली अमेरिकेतल्या सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलायडिस या दोन अभ्यासकांनी सुमारे अकरा लाख धावणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांची युक्ती पाहा. एका गावात पाऊस पडला की तिथला माणूस धावायला जात नाही. मग दुसऱ्या गावातल्या, कोरड्या हवेतल्या त्याच्या मित्राचं धावणं कमी होतं का? होतं! म्हणजे सोबतीचा परिणाम खरा. हे वारकऱ्याला सांगायला अमेरिकेतून माणूस आणायला नको म्हणा. दिवे घाट एकट्याने चढून बघावा आणि दिंडीत चढून बघावा.

पहिले काही आठवडे मजा आली. एक मावशी रोज अठरा हजार पावलं दाखवायच्या. आम्ही चकित! मग कळलं, फोन नातवाच्या खिशात असायचा आणि नातू मैदानावर क्रिकेट खेळायचा. सगळे हसले, मावशीही हसल्या. तेव्हाच आम्हाला उमजायला हवं होतं. मावशी खोटं का करत होत्या? डोक्यावर तुळस घेऊन इतकी वर्षं चाललेल्या बाईला शेवटून पहिलं नाव बघवत नव्हतं.

आणि आपले एक काका. नाव घेत नाही, ते इथेच बसले आहेत आणि त्यांना विचारूनच हे सांगतो आहोत. काकांना मधुमेह जुना. यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर असायचे आणि तो क्रमांक त्यांना सोडवेना. नवीन बूट घट्ट होते, टाचेला आणि बोटाला फोड आला. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, दुखणं कळतच नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना घरच्या अनुभवाने माहीत आहे. काका चालत राहिले. सुनेने मोज्यावर डाग पाहिला तेव्हा जखम आत गेली होती. एक बोट काढावं लागलं. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तर काका आम्हालाच म्हणाले, "दोन दिवस नाव लाल झालं होतं रे, म्हणून जरा जास्त चाललो."

त्या दिवशी घरी येऊन आम्ही यादी बंद केली.

आता दहा हजार हा आकडा तरी कुठला? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केइ, म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा नावातून आला, वैद्यकातून नाही. पुढे २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साठीच्या वरच्या माणसांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो आणि मग तिथेच थांबतो, असं दिसलं. काकांना चौदा हजारांची गरजच नव्हती. आम्ही मात्र जपानी दुकानदाराचा आकडा आपल्या माणसांच्या माथी मारला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्पर्धा चालते. अमेरिकेत ६०२ नोकरदारांवर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. काहींना घरच्यांचा आधार, काहींना गटाचं सहकार्य, काहींना चढाओढ. पावलं सगळ्यांचीच वाढली, पण चढाओढवाल्यांची सर्वांत जास्त, आणि खेळ थांबल्यावरही तीच टिकली. आम्हाला हे वाचून आनंद झाला नाही, पण जे आहे ते आहे. फक्त त्यांची चढाओढ तिघातिघांत होती, साठ जणांत नव्हती. आणि दर आठवड्याला सगळ्यांना सारखेच गुण देऊन नवी सुरुवात व्हायची. कुणी कायमचा खाली राहत नव्हता.

मग आम्ही आपल्या दिंडीकडेच नीट पाहिलं. दिंडीत टाळकऱ्यांच्या ओळी असतात. ओळीतला माणूस पुढच्याशी नाही, शेजारच्याशी पाऊल जुळवतो. आता अ‍ॅपमध्ये तिघांची ओळ आहे, साधारण एकाच वयाची आणि एकाच ताकदीची. तिघांची पावलं मिळून एक आकडा. तुमचं किती, हे ओळीबाहेर कुणाला दिसत नाही. पाऊस लागला, रस्ता खणला, तर त्या दिवशी उद्दिष्ट आपोआप कमी होतं, इमारतीखालच्या पार्किंगमधले फेरे पुरतात. एका इमारतीतले वॉचमनदादा असेच ओळीत आले, रात्रीच्या गस्तीची पावलं धरून.

दुसरं, खाडा. बाकीच्या अ‍ॅपमध्ये शंभर दिवस चाललात आणि एक दिवस चुकला की शून्य. वारीत असं असतं का? बाप थकला तर मुलगा जातो, मुलाला जमलं नाही तर शेजारी म्हणतो, तुमचा नमस्कार पांडुरंगाला सांगतो. आता आजाऱ्याचा दिवस ओळीतला दुसरा चालून भरू शकतो.

तिसरं, टाळ. आळंदीच्या सोहळ्यात समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे मात्र वाजतच राहतात, चोपदार येऊन ऐकेपर्यंत. अ‍ॅपमध्ये टाळाचं चित्र आहे. ते दाबलं की आमच्या पाचही फोनवर वाजत राहतं, आमच्यापैकी कुणी तुम्हाला फोन करेपर्यंत. कामाच्या मीटिंगमध्ये वाजतं, वाजू दे.

माळेचीही आठवण ठेवली. गळ्यात माळ दिसली की लग्नाच्या मांडवात कुणी ग्लास पुढे करत नाही, आग्रहच होत नाही. ज्याला साखर आहे त्याने सांगितलं, तर ओळीतल्या घरी त्याच्यापुढे गोड येत नाही. पण हे सांगायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. २०१८ मध्ये धावणाऱ्यांच्या एका अ‍ॅपच्या नकाशावरून सैन्याचे तळ जगाला दिसले होते. आपल्या नोंदी विमावाल्यांना, दुकानदारांना आम्ही देणार नाही, आणि कोण कुठे चालतो हे साठवतही नाही.

आणि चौथं, तेच आता पहिलं आहे. सकाळी अ‍ॅप उघडलं की पावलांच्या आधी एक प्रश्न येतो, "पाय पाहिले का?" ओळीतल्याने ओळीतल्याचे तळपाय आठवड्यातून एकदा तरी बघायचे, बोटांच्या बेचक्यासकट. बाकी ठिकाणी हे सांगितलं तर लोक लाजतील. आपण भेटल्याबरोबर एकमेकांच्या पायांशीच वाकतो, मग वाकलोच आहोत तर बघायचंही.

काका आता दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातात. संध्याकाळी मुक्कामावर बॅटरी घेऊन तंबूच्या दाराशी बसतात आणि आल्या-गेल्याला मोजे काढायला लावतात. आज प्रसादानंतर मंडपाच्या डाव्या अंगाला ते आणि आम्ही बसणार आहोत. साधा बटणाचा फोन असला तरी चालेल, ओळीतला दुसरा तुमची नोंद करील. येताना जोडीला माणूस घेऊन या, आणि काकांसमोर चपला बाहेरच काढा.

राम कृष्ण हरी.