थांबवा, विचारा, हाताळू द्या

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. बालभारतीच्या पुस्तकांतले कोड स्कॅन करून आता वर्गावर्गात व्हिडिओ लागतात. पण ते दाखवायचे कसे?

समजा, दुसरीच्या वर्गात बी रुजण्याचा व्हिडिओ चालू आहे. चार दिवसांची वाढ मुलं अर्ध्या मिनिटात बघतात. ही पडद्याची खरी ताकद. बीचं टरफल फुटलं, की तिथेच थांबवा. विचारा, "आधी काय बाहेर येईल, मूळ की पान?" मुलांना अंदाज बांधू द्या, वाद घालू द्या. मगच पुढे दाखवा. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधलेली, मोड आलेली मटकी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवा. पडद्यावरचं मूळ बोटाला लागलं, की ते पक्कं समजतं.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच निवडा, आधी स्वतः पूर्ण बघा. भाषा अवघड वाटली, तर आवाज बंद करून मुलांच्या बोलीत तुम्हीच सांगा. अंगणवाडीत आणखी जपायला हवं. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. त्याहून जितकं कमी, तितकं चांगलं.

बाईंचा प्रश्न आणि मुलांचे हात जोडीला असले, की छोटा व्हिडिओही मोठा धडा देऊन जातो.