वऱ्हाडचा आठवडा आणि लोकसंपर्काची वेळ



योजना कोणती आणि तिचा लाभ कोणास, याची चर्चा नेहमी होते. ती योजना लोकांच्या कानी कोणत्या दिवशी व कोणत्या प्रहरी पडावी, या प्रश्नाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष अगत्याचा आहे. कारण येथील शेतीचा आठवडा व कार्यालयाचा आठवडा एक नाही.

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार व रविवार सुटी, आणि इतर दिवशी सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा ही वेळ ठरली. शेतमजुराच्या लेखी रविवार म्हणजे सुटी नव्हे. त्याचा आठवडा बाजाराच्या दिवसापासून बाजाराच्या दिवसापर्यंत असतो.

बाजाराचा दिवस

अमरावती शहरात इतवारा व बुधवारा ही वस्त्यांची नावे आहेत. शेजारच्या नागपुरात इतवारी आहे. वारांची ही नावे वस्त्यांना चिकटली, यावरून लोकजीवनात वाराला केवढे स्थान होते हे दिसते. आजही आठवडी मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती करण्याचा रिवाज अनेक गावांत आहे. त्या दिवशी मीठ-मिरची घेतली जाते, दवाखाना केला जातो, सोयरिकीची बोलणी होतात आणि चार गावांच्या बातम्या एकत्र येतात. बाजाराच्या दिवशी वर्गातील हजेरी का घटते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आठवडी बाजारावर फी बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस आहे. फी गोळा करणारा माणूस बाजारात हजर असतो; योजनेचा अर्ज समजावून सांगणारा मात्र क्वचितच असतो. तालुक्याच्या गावचा बाजार शनिवारी वा रविवारी भरत असेल, तर अडचण दुहेरी होते. मजूर तालुक्यास येतो त्या दिवशी कार्यालय बंद असते, आणि कार्यालय उघडे असते त्या दिवशी दाखल्यासाठी यावयाचे म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडते.

दिवसाचा प्रहर

वाराप्रमाणेच प्रहराचाही विचार हवा. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी भरात येते. वेचणीची मजुरी किलोवर असल्यामुळे बायाबापड्या सकाळीच शेत गाठतात आणि उन्हे उतरेपर्यंत परतत नाहीत. दुसऱ्या दिवशी कोणाच्या शेतात जावयाचे, हे आदल्या रात्रीच ठरते. सकाळी अकराला भ्रमणध्वनीवर पाठविलेला निरोप अशा घरी रात्री जेवणानंतर वाचला जातो. फोन घरातील मुलाच्या वा पुरुषाच्या हाती असला, तर तो स्त्रियांपर्यंत पोहोचतोच असे नाही. निरोप उद्याच्या सभेचा असेल, तर तोवर उद्याचे काम ठरून गेलेले असते.

लोकशिक्षकांचा धडा

ही गोष्ट वऱ्हाडच्या संतांनी पूर्वीच ओळखली होती. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. माणसे कामावरून परतून जेवणखाण उरकून बसली म्हणजे त्यांचे प्रश्नोत्तर रंगे. गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही सामुदायिक प्रार्थनेसाठी सायंकाळच निवडली.

वऱ्हाडाबाहेरचे दाखलेही याच दिशेचे आहेत. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, सायंकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो ऐकून गावकरी चर्चा करीत व पुढील कृती ठरवीत. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमेने रविवार हा दिवस लोकांच्या ओळखीचा केला. पण मोहीम रविवारच्या केंद्रापाशी थांबली नाही. कर्मचारी बसस्थानकावर व बाजारात उभे राहिले, राहिलेल्या बालकांसाठी घरोघर गेले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, त्यात या पायपिटीचा वाटा मोठा आहे.

ग्रामसभेची वेळ

या विचाराची खरी कसोटी ग्रामसभेत लागते. कायद्यानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. साधारणतः त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. वऱ्हाडच्या शेतीत हे दिवस कोणते? जानेवारीत तुरीची मळणी असते. १ मे रोजी भर दुपारी घराबाहेर पडवत नाही. १५ ऑगस्टच्या सुमारास निंदण चालू असते, आणि २ ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सोंगणी. मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे तर हंगामात मजुरीसाठी सपाटीवर उतरलेली असतात.

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मग घरकुलाच्या यादीसारखा विषय मोजक्या मंडळींसमोर मंजूर होतो. ज्या मजूर स्त्रीला घर हवे, ती त्या वेळी शेतात असते. नियमाचा भंग कोठेच झालेला नसतो; तरीही तिचा आवाज सभेपर्यंत पोहोचलेला नसतो.

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक पंचायतीने आपल्या गावाचा बाजार-दिवस, हंगामाची कामे आणि मजूर परतण्याची वेळ यांचा एक तक्ता भिंतीवर लावावा व त्यानुसार सभेची वेळ ठरवावी. दवंडी आदल्या बाजारीच द्यावी व सभेच्या आदल्या सायंकाळी पुन्हा फिरवावी. महिलांची सभा वेचणीच्या वेळेत ठेवू नये. तालुक्याच्या कार्यालयांनी बाजाराच्या दिवशी, सुटी असली तरी पाळीपाळीने, एक मेज बाजारात मांडावे. शिक्षकांनी पालकसभा सायंकाळी घ्यावी.

वेळ ठरविणे ही वरवर किरकोळ बाब वाटते. परंतु सभेला कोण येणार आणि कोण येऊ शकणार नाही, हे पुष्कळदा तेथेच ठरून जाते. वऱ्हाडचा कष्टकरी ज्या प्रहरी मोकळा असतो, तो प्रहर ओळखून शासनाने त्याच्याकडे जाणे, यातच लोकसंपर्काचे सार्थक आहे.