गाडीवरच्या पायांना काय घालायचं?



आज गाडी चालवणाऱ्या बायकांच्या पायांविषयी बोलू या. हेल्मेटविषयी आपण या केंद्रावर पुष्कळ वेळा बोललो आहोत. पण कामाला निघालेली आपली ताई डोक्यावर हेल्मेट घालते, तोंडाला स्कार्फ बांधते, हातात मोजे चढवते आणि पायात मात्र अंगठ्याची चप्पल सरकवते. आमच्या माण-खटाव भागात बँक सखी, पशु सखी, सहयोगिनी अशा कितीतरी जणी रोज दोन-तीन गावं करतात. कुणाकडे स्कूटी आहे, कुणी घरातली गिअरची मोटारसायकल चालवते. या सगळ्यांचे पाय दिवसभर उघडे असतात.

त्या पायांना काय काय सोसावं लागतं? उन्हाळ्यात डांबर तापतं. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या चाकाखालून खडी उडते. वस्तीवर जाताना बाभळीचा काटा पातळ चपलेतून सरळ आत येतो. गिअरची गाडी असेल तर डाव्या पायाची बोटं लिव्हरखाली घालून वर उचलावी लागतात. उघड्या बोटांना तिथे घट्टा पडतो, नख दुखावतं. उजव्या बाजूला बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो, त्याचा चटका पोटरीला नाहीतर घोट्याला बसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वाळूवर किंवा शेणावर गाडी घसरली की ती आडवी पडते आणि पाय तिच्याखाली सापडतो. शंभर किलोच्या वरची गाडी आणि खाली घोट्याचं उघडं हाड. चप्पल तर त्याआधीच निघून गेलेली असते.

म्हणून बूट हवा. पण कोणता?

युरोपात दुचाकीस्वारांच्या बुटांसाठी ई.एन. १३६३४ नावाचं मानक आहे. त्यात मुख्यतः चार गोष्टी तपासतात. बूट किती उंच आहे, रस्त्यावर घासला तर किती टिकतो, कापला जातो का, आणि तळ आडवा दाबला तर किती चेपतो. असे खास बूट आपल्याकडेही मिळतात, पण त्यांची किंमत काही हजारांत जाते. सगळ्यांना ते परवडणार नाहीत. मात्र त्या चार गोष्टी डोक्यात ठेवून तालुक्याच्या दुकानातसुद्धा चांगला बूट निवडता येतो.

पहिलं, बूट घोट्याच्या वर गेला पाहिजे. घोट्याचं हाड दोन्ही बाजूंनी झाकलं गेलं की अर्धं काम झालं. दुसरं, बूट दोन्ही हातांत धरा आणि ओलं कापड पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला जात असेल तर तो गाडीसाठी नाही. तिसरं, तळाच्या मधोमध दोन्ही कडांवर हात ठेवून आत दाबा. कडा वाकून जवळ येत असतील, तर गाडीखाली तुमचं पाऊलही तसंच चेपणार. चौथं, वरचं कातडं बघा. जाड खरं चामडं घासलं गेलं तरी बराच वेळ तग धरतं. रेक्झिनचा वरचा थर दुमडीवर काही महिन्यांत फुटतो. काठावर किंवा जिभेजवळ कापलेली बाजू दिसते, तिथे चामड्याचे तंतू दिसतात की कापडावर बसवलेला थर, हे कळतं.

आता सोल. पी.व्ही.सी.चा सोल स्वस्त असतो, पण ओल्या फरशीवर घसरतो. रबराचा सोल जड लागतो, पण पकड चांगली देतो आणि उष्णता सोसतो. पी.यू.चा सोल हलका आणि मऊ असतो, मात्र दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला तर न वापरताही त्याचा भुगा होतो. म्हणून सवलतीत मिळणारा जुना माल घेताना बनवल्याची तारीख बघा. सोल नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, हेही विचारा. शिवलेला असेल तर आपले गटई कामगार दादा तो पुढे बदलून देऊ शकतात.

कामगारांचे सेफ्टी शूज आपल्या गावांत सहज मिळतात, आणि अनेक जणींना तेच परवडतात. त्यावर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. १५२९८ हा क्रमांक बघून घ्या. या मानकाच्या दुसऱ्या भागातल्या बुटाची पुढची टोपी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडल्यासारखा. पण लक्षात ठेवा, हा बूट कारखान्यासाठी बनवलेला असतो. तो बोटं वाचवतो, घोट्याची हमी देत नाही. त्यातही घोट्याच्या वर जाणाराच प्रकार मागा. आणि टोपीमुळे बुटाचं तोंड जाड होतं, ते तुमच्या गाडीच्या गिअरखाली जातं का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ते बघायला सोपं आहे. दुकानाबाहेर आपलीच गाडी उभी असते. बूट घालून तिच्यावर बसा. गाडी बंद ठेवूनच गिअर वर-खाली करा, ब्रेक दाबा. तळ इतका जाड नको की पायाला ब्रेक कळणारच नाही. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात ना, ते बघा. उंच टाचेचा बूट नको. पाव-अर्धा इंच टाच असली की फूटरेस्टवर पाय नीट अडकतो. नाडी लांब असेल तर आत खोचा, नाहीतर ती गिअरमध्ये किंवा साइड स्टँडमध्ये अडकते. साडी नेसून गाडी चालवत असाल तर साडी नेसूनच बूट घालून बघा.

मापाबाबत संकोच नको. ४ नंबरचा पाय असलेल्या ताईला दुकानदार म्हणतो, ‘६ पासूनच येतात, आत जाड मोजा घाला.’ असं घेऊ नका. सैल बुटात टाच उचलली जाते, पाय गिअरवरून सटकतो. लहान माप मागवून द्यायला सांगा, चार-पाच जणींनी मिळून मागितलं की दुकानदार मागवतो. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

आपल्या पूर्व भागात पाऊस कमी, ऊन आणि काटे जास्त. त्यामुळे इथे जाड तळ आणि हवा खेळणारं अस्तर महत्त्वाचं. पाटण-महाबळेश्वरकडच्या मैत्रिणींनी मात्र पाणी आत न येणारा बूट बघावा. शेतातला गमबूट गाडीवर नको, तो घोट्याला धरून ठेवत नाही आणि पायाला गिअर कळत नाही. भिजलेला बूट चुलीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. आत जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा मेणाचं पॉलिश लावा.

आता पैशाचं. हिशेबासाठी आकडे धरू. ३०० रुपयांची चप्पल चार महिने टिकली तर वर्षाला ९०० रुपये. १८०० रुपयांचा बूट दोन वर्षं टिकला तरी वर्षाला ९००च. तिसऱ्या वर्षी टिकला तर ती बचत. अडचण एवढीच की १८०० एकदम लागतात, आणि घरात आधी मुलांचे बूट, मग मालकांचे, मग आपले. त्यासाठी गट आहे. शेकडा २ रुपये महिना व्याजाने अंतर्गत कर्ज घेतलं, ३०० रुपयांचे सहा हप्ते केले, तर सहा महिन्यांत व्याज होतं १२६ रुपये. तेही आपल्याच गटात राहतं.

काही गटांत प्रश्न येतो की बुटासाठी कर्ज कसं द्यायचं, ही तर चैन आहे. आम्ही सांगतो, पशु सखीला गाडीवरून गोठ्यांपर्यंत जायचं आहे. पाय मोडून ती दोन महिने घरी बसली तर तिचं मानधन बुडतं आणि हप्ताही थकतो. शिलाई मशीनला कर्ज देताना आपण चैन म्हणत नाही. मग ठरावात बुटाचं कारणही ‘कामाचं साधन’ असंच लिहा.

येत्या बैठकीत एक करा. गाडीवर येणाऱ्या प्रत्येकीचं नाव आणि पायाचं माप एका कागदावर घ्या. तो कागद घेऊन तिघी-चौघींनी मिळून दुकानात जा. आणि बूट पिळून बघायला लाजू नका.